टोपली, घुगरी आणि चोपून तेल

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात एक राजस्त्री हातात आरसा घेऊन उभी आहे. एका बाजूला चवरीवाली दासी, दुसऱ्या बाजूला प्रसाधनाचे तबक धरलेली ठेंगणी दासी. हे चित्र पाहायला जगभरातून लोक येतात. पण ज्या राजवटीत ते रंगवले गेले तिची राजधानी कोणती, असे विचारले तर वाशिमचे नाव फार थोड्यांच्या तोंडी येते. वाकाटकांच्या एका शाखेचे राज्य वत्सगुल्माहून, म्हणजे आजच्या वाशिमहून चाले. त्या शाखेतल्या दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ मध्ये वाशिममध्येच मिळाला. पुढे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात हरिषेण गादीवर असताना त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे करवून घेतले आणि सतरावे एका मांडलिकाने. वाशिमच्या केसांचा सर्वात जुना चित्रमय पुरावा असा जिल्ह्याबाहेर, दीड-दोनशे किलोमीटर पश्चिमेला, डोंगराच्या पोटात आहे.

त्या भिंतींवर केशरचनांचे केवढे प्रकार आहेत! कपाळावर ओळीने बसवलेल्या बारीक कुरळ्या बटा, मानेवर सैल टाकलेला अंबाडा, डोक्याच्या एका अंगाला कललेला खोपा, त्यात माळलेली फुले, मोत्यांच्या सरी, खांद्यावर मोकळ्या सोडलेल्या नागमोडी बटा. म. के. ढवळीकरांनी अजिंठ्यावरच्या आपल्या १९७३ च्या ग्रंथात वस्त्रे आणि दागिन्यांबरोबर या केशरचनांचाही बारकाईने विचार केला. यातल्या किती तरी स्त्रियांचे केस कुरळे आहेत आणि चित्रकाराने ते मोठ्या प्रेमाने रंगवले आहेत. सरळ, चापून बसवलेल्या केसांनाच नीटनेटके म्हणण्याची सक्ती या चित्रांत कुठेही दिसत नाही. कुरळ्या केसांच्या मुलीला ‘झिपरी’ म्हणून हाक मारणाऱ्या घरांनी एकदा तरी अजिंठ्याला जाऊन यावे.

वत्सगुल्माचे नाव कामसूत्रात येते. त्याच ग्रंथातल्या चौसष्ट कलांच्या यादीत डोक्याला तेल चोळण्याचे, केशमर्दनाचे कौशल्यही आहे. दहाव्या शतकाच्या आसपास कवी राजशेखराने काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न याच वत्सगुल्मात लावले, आणि त्या कथेत प्रदेशोप्रदेशींच्या स्त्रियांची वेशभूषाही बारकाईने टिपली. राजदरबार आणि कवी यांच्या नजरेतून एवढे कळते. मात्र चित्रात जी दासी तबक धरून उभी आहे तिचे स्वतःचे केस कोण विंचरत असे, ती ते कशाने धूत असे, हे कोणी लिहून ठेवले नाही. घरातल्या केसांचा इतिहास शोधायचा तर घाणा, रान आणि माजघर यांच्याकडेच वळावे लागते.

वऱ्हाडात नारळ पिकत नाही. आज जिल्ह्यातल्या प्रत्येक किराणा दुकानात खोबरेल दिसते, पण त्याआधी गावच्या तेल्याच्या लाकडी घाण्यावर निघे ते तीळ, करडई आणि जवस यांचे तेल. यात केसांना तिळाचे तेल मानाचे. जवसाचे तेल हवेच्या संपर्काने घट्ट होत जाते, त्याचा पापुद्रा धरतो, म्हणूनच ते रंगात आणि वॉर्निशात वापरतात. केसांत ते चिकट होऊन बसते. तिळाच्या तेलात माका, आवळा, जास्वंदीची फुले, मेथीचे दाणे कढवून ते बाटलीत भरून ठेवायचे, ही घरोघरची रीत. खोबरेल पुढे रेल्वेने आणि पत्र्याच्या डब्यांतून आले आणि त्याने तिळाला मागे सारले. त्यात नुसत्या जाहिरातीचा भाग नव्हता. मुंबईत मॅरिको कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल यांची तुलना केली. धुण्याआधी आणि धुतल्यानंतर लावले असता केसांतले प्रथिन वाहून जाणे फक्त खोबरेलाने कमी झाले. त्यातले लॉरिक आम्ल लहान आणि सरळ रेणूंचे, ते केसाच्या आत शिरते. हा अभ्यास खोबरेल विकणाऱ्या कंपनीतला आहे हे लक्षात ठेवावे, पण न्हाण्याआधी चोपून तेल लावण्याच्या घरगुती सवयीला त्यात चांगला आधार सापडतो.

धुण्याची गोष्ट आणखी मातीतली आहे. शिकेकाई सह्याद्रीच्या रानातली, रिठा आणि आवळकाठीही काष्ठौषधीच्या दुकानातून यायची, म्हणजे त्यांना पैसे पडायचे. ज्या घरात ते नव्हते तिथे माती होती. काळ्या रानातली चिकण माती वाळवून, चाळून, भिजवून डोक्याला चोळायची आणि पाण्याने काढून टाकायची. दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून झालेल्या या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज भरपूर असते. त्याचे अतिसूक्ष्म थर तेल आणि मळ ओढून घेतात. मुलतानी मातीचे कामही असेच चालते, आणि मोरोक्कोतल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या केसांना लावतात ती घसूल मातीसुद्धा याच कुळातली. कापूस पिकवणारी जमीनच इथे केसही धुवत होती. ताक, दही, बेसन हे त्याच्या जोडीला. साबण महाग होता तेव्हाची ही व्यवस्था गरिबीची म्हणून पाहिली गेली. मुळात ती नीट विचार करून बसवलेली होती.

आणि पाणी? डोईवरून न्हायचे म्हणजे विहिरीवरून डोक्यावर आणलेले हंडे रिकामे करायचे. उन्हाळ्यात वाशिम-मंगरूळपीरकडच्या गावांत ते परवडणारे नव्हते. म्हणून न्हाण्याचे वार ठरलेले, आणि मधल्या दिवसांत सारा भार तेलावर, वेणीवर आणि फणीवर. लाकडाची किंवा शिंगाची, दोन्ही बाजूंनी बारीक दाते असलेली फणी घेऊन थोरलीने धाकटीला पुढ्यात बसवायचे, उवा-लिखा काढायच्या, तेल मुरवायचे, भांग पाडायचा आणि तिपेडी वेणी घालायची. दिवेलागणीनंतर केस विंचरू नयेत हा नियम पाळला जाई. रॉकेलच्या चिमणीच्या उजेडात गळलेला केस दिसत नाही आणि तो अन्नात जातो, एवढे कारण त्याला पुरेसे होते.

या साऱ्या घरगुती कलेचा सर्वात देखणा अध्याय मात्र गावाबाहेर, तांड्यावर घडला.

मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे तीर्थ. संत सेवालाल महाराजांची समाधी तिथे आहे आणि रामनवमीला देशभरातून गोर बंजारा तिथे जमतात. बंजारा म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मैलोन्‌मैल हाकणारा समाज. १८०३ मध्ये वऱ्हाडात आडगाव आणि गाविलगडची लढाई झाली तेव्हा इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेचे पोट बंजाऱ्यांच्या बैलांवर अवलंबून होते. वर्षातले बहुतेक दिवस वाटेवर, धुळीत, उन्हात. अशा जगण्यात बाईच्या केसांची जी रचना तयार झाली तिच्यात सौंदर्याइतकाच व्यवहार होता.

मधोमध भांग. पुढचे केस दोन्ही कानशिलांवरून खाली उतरवून त्यांच्या घट्ट बारीक वेण्या घालायच्या आणि त्या वेण्यांच्या टोकांना चांदीचे दागिने बांधायचे. वाटीसारखी फुगीर असते ती टोपली, तिच्याखाली झुलणारे घुंगरांचे झुबके म्हणजे घुगरी. चालताना ते गालांशी हलतात आणि किणकिणतात. मागच्या वेणीत सुताचा, लोकरीचा, गोंड्यांचा चोटला गुंफायचा. टोपली-घुगरी ही लग्न झालेल्या बाईची खूण, मंगळसूत्राच्या तोलाची. ब्रिटिश काळातल्या नोंदींत आणखी एक गोष्ट आढळते. वऱ्हाड पोलिसातल्या कंबरलेजने बंजाऱ्यांवर लिहिलेले टिपण १८८२ मध्ये पुन्हा छापले गेले. त्याचा मोठा आधार घेऊन रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ च्या आपल्या ग्रंथात बंजाऱ्यांचे प्रकरण लिहिले. बंजारा स्त्रिया डोक्यावर सुमारे सहा इंचांची एक काडी उभी बसवत, केस तिच्याभोवती गुंडाळत आणि ओढणी तिच्यावरून सोडत, असे त्यात वर्णन आहे. ओढणीला त्यामुळे उंची मिळे आणि तोंडावर सावली पडे. ही काडी आता कोणाच्या डोक्यावर दिसत नाही. वेण्या आणि टोपली मात्र विसाव्या शतकात खूप उशिरापर्यंत टिकल्या, आणि म्हाताऱ्या याडींच्या, म्हणजे आयांच्या, डोक्यावर अजूनही क्वचित दिसतात.

या रचनेत एकटीने करण्यासारखे काही नाही. स्वतःच्या कानशिलावरची वेणी आरशाशिवाय, दोन हातांनी, सारखी आणि घट्ट घालणे जवळजवळ अशक्य. म्हणजे दुसरी बाई लागतेच. सासूने सुनेची घालायची, जावेने जावेची, आणि घालून झाली की ती दिवसेंदिवस सोडायची नाही. तेल मुरलेले, पेडांत बंद केलेले केस धुळीने कमी मळतात, वाऱ्याने गुंतत नाहीत, ओझे डोक्यावर घेताना मधे येत नाहीत. पश्चिम आफ्रिकेतून अमेरिकेत नेल्या गेलेल्या स्त्रियांच्या वंशजांनी आपल्या कुरळ्या केसांसाठी नेमके हेच ज्ञान सांभाळले. कुरळा केस वळणावळणाचा असतो, मुळाशी सुटणारे नैसर्गिक तेल टोकापर्यंत उतरत नाही, म्हणून तो कोरडा पडतो आणि तुटतो. त्यावर उपाय म्हणजे तेल आणि बंद वेण्या. अशा वेण्या घालून नोकरीवर किंवा शाळेत आलेल्यांना कोणी अडवू नये, यासाठी कॅलिफोर्निया राज्याने २०१९ मध्ये स्वतंत्र कायदा केला.

आफ्रिकेशी बंजारा वेणीचे साम्य आणखी जवळचे आहे. सेनेगलपासून नायजेरियापर्यंत गुरे राखत फिरणाऱ्या फुलानी समाजातल्या स्त्रियाही कानशिलांवरून वेण्या सोडतात आणि त्यांना चांदीची नाणी, मणी, कवड्या बांधतात. दोन्ही समाज जनावरांमागे चालणारे, दोघांचे धन अंगावर वागवायचे. त्यातली कवडी तर एकाच समुद्रातून आलेली असू शकते, कारण मालदीवच्या कवड्या कित्येक शतके बंगालमार्गे भारतात आणि युरोपीय जहाजांतून पश्चिम आफ्रिकेत जात होत्या. दोन समाजांचा एकमेकांशी संबंध होता असे यातून सिद्ध होत नाही. पण वाट चालणाऱ्या बाईला आपली संपत्ती, आपले लग्न आणि आपले कूळ सांगायला केसांइतकी सोयीची जागा दुसरी सापडली नाही, हे दोन्हीकडे दिसते.

या सौंदर्याची किंमतही होती. चांदीचे वजन आणि घट्ट ओढ यांनी केसांची मुळे सैल होतात आणि वर्षानुवर्षांनी कानशिले उघडी पडतात. त्वचारोगतज्ज्ञ त्याला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात. तरुण मुलींनी टोपली-घुगरी उतरवली त्याला ही तक्रारही कारणीभूत असणार, आणि ती तक्रार खरी होती. जुने ते सारे जपलेच पाहिजे असा हट्ट धरणाऱ्यांनी तो भार स्वतःच्या डोक्यावर घेतलेला नसतो.

बंजारा बाईच्या डोक्याचे वर्णन करणारे टिपण ज्या वर्षी पुन्हा छापले गेले, त्याच १८८२ साली शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ पुण्यात प्रसिद्ध झाले. वरच्या जातींतल्या विधवेचे केस काढून तिला घराच्या कोपऱ्यात बसवणाऱ्या रूढीवर ताराबाई त्यात तुटून पडतात. घरातल्या बाईचे केस घरातच विंचरले जात, पण ते काढायला न्हावी बोलावला जाई, यातली क्रूरता वेगळी सांगायला नको. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतले न्हावी एकत्र आले आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असे ठरवले. ज्यांचे पोट त्या वस्तऱ्यावर होते त्यांनी हे केले, म्हणून त्याचे मोल अधिक. कुणबी, माळी, बंजारा अशा ज्या समाजांत विधवेचे पुन्हा लग्न लागे तिथे ही सक्ती नव्हती. बंजारा विधवेला मात्र टोपली-घुगरी उतरवावी लागे. केस राहत, त्यांवरची किणकिण जाई.

आपण होऊन केस सोडण्याचीही एक परंपरा जिल्ह्यात आहे. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथामुळे आणि कारंज्याच्या जुन्या जैन मंदिरांमुळे मुनी आणि आर्यिका या भागात येत असतात. वस्तरा न वापरता, राख लावून, हाताने केस उपटून काढायचा केशलोच ते दोन ते चार महिन्यांच्या अंतराने करतात. एकाच जिल्ह्यात एकीकडे केसांत चांदी गुंफणारे हात आणि दुसरीकडे केस मुळापासून उपटणारे हात.

तांड्याची केशरचना का मागे पडली, याची कारणे केसांबाहेर आहेत. रेल्वेने मीठ आणि धान्य वाहायला सुरुवात केली आणि बैलांचा व्यापार बसला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने फिरत्या समाजांवर संशयाचा शिक्का मारला आणि तो १९५२ पर्यंत पुसला गेला नाही. दुरून ओळखू येणारा पोशाख आणि गालांवर झुलणारी चांदी ही अभिमानाची खूण होती, ती अशा काळात संकट ओढवून घेणारी ठरली असेल तर नवल नाही. मग तांडे स्थिरावले, मुली जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि आश्रमशाळेत जाऊ लागल्या, आणि लाल रिबिनींच्या दोन वेण्या हा सगळ्यांचा एकच नमुना झाला. ऊसतोडीला सहा-सहा महिने बाहेर राहणाऱ्या बायांना चांदी अंगावर वागवणे धोक्याचे होते. दुष्काळात किंवा लग्नाच्या खर्चात ती सावकाराकडे किंवा सोनाराकडे गेली, ती परत आली नाही. तिच्या जागी पांढऱ्या धातूचे हलके दागिने आले, आणि तेही आता होळीला, तीजला आणि स्टेजवरच्या नाचाला.

दुसऱ्या बाजूने बाजार आत आला. मॅरिकोने पॅराशूट तेल पत्र्याच्या डब्यातून निळ्या प्लास्टिकच्या बाटलीत आणले, तेव्हा दुकानदारांची भीती उंदरांची होती. म्हणून बाटलीचे कोपरेच काढून ती गोल केली गेली, म्हणजे उंदराला दात रोवायला जागा राहू नये. शाम्पूची पुडी तमिळनाडूतून निघाली आणि १९८० च्या दशकापासून हळूहळू प्रत्येक खेड्यात पोचली. एका न्हाण्यापुरती एक पुडी. ज्या मजूर बाईला शिकेकाई कुटायला वेळ नव्हता तिला ती मोठी सोय होती. तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण मातीपासून तेलापर्यंतचे जे ज्ञान घरात होते, ते पुढच्या पिढीकडे जायचे थांबले ते याच काळात.

पोहरादेवीला ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. नंगारा या वाद्याच्या आकाराची ही इमारत चार मजली आहे. समाजाचा इतिहास एवढ्या मोठ्या प्रमाणावर, त्याच्याच तीर्थावर मांडला जावा ही फार वर्षांपासूनची निकड होती. दागिना काचेमागे ठेवता येतो. कानशिलावरचा पेड किती केसांचा घ्यायचा, सूत कोणत्या वळशाला गुंफायचे, टोपलीची दोरी कुठे आवळली की ओढ बसत नाही, हे मात्र बोटांत असते. ती बोटे आज सत्तरी-ऐंशीची आहेत. प्रत्येक तांड्यावर जाऊन एकेका याडीकडून वेणी घालून घेत ते चित्रित करण्याचे काम आत्ता झाले नाही तर पुढे करता येणार नाही. त्यासाठी इमारत लागत नाही, एक कॅमेरा आणि बंजाऱ्यांची गोरबोली समजणारे माणूस पुरे.

दरम्यान केसांचा एक नवाच व्यवहार गावोगाव सुरू झाला आहे. पूर्वी विंचरताना निघालेला गुंतवळ बोटाभोवती गुंडाळून भिंतीच्या फटीत खोचायचा किंवा पुरून टाकायचा, तो कोणाच्या हाती लागू द्यायचा नाही, असा दंडक होता. आता फिरते विक्रेते गुंतवळाच्या बदल्यात भांडी, क्लिपा, फुगे किंवा पैसे देतात आणि बाया तो पिशवीत साठवून ठेवतात. हे केस मोठ्या व्यापाऱ्यांकडे जातात. कर्नाटकातल्या कोप्पळजवळचे भाग्यनगर हे त्यांचे एक मोठे केंद्र. तिथे स्त्रिया गाठी सोडवतात, केस लांबीप्रमाणे वेगळे करतात, धुतात, जुड्या बांधतात. देवस्थानांत अर्पण केलेल्या केसांना भाव सर्वात जास्त, गुंतवळाला कमी. तिथून ते चीनला आणि पुढे अमेरिका-आफ्रिकेच्या बाजारात टोप आणि जोडकेस होऊन पोचतात. कृष्णवर्णीय स्त्रिया या जोडकेसांच्या मोठ्या गिऱ्हाईक आहेत. क्रिस रॉकच्या ‘गुड हेअर’ या २००९ च्या माहितीपटाने त्या व्यापाराचा माग थेट भारतातल्या मंदिरांपर्यंत काढला होता.

उलट दिशेनेही काहीतरी येते आहे. कुरळे केस सरळ न करता जसे आहेत तसे सांभाळण्याची चळवळ अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी वाढवली, आणि मोबाइलच्या पडद्यावरून ती आपल्याकडच्या मुलींपर्यंत आली. त्यात केसांची वळणे नीट बसवायला सांगितलेला एक आवडता उपाय म्हणजे अळशी पाण्यात उकळून गाळलेला चीक. अळशी म्हणजे आपले जवस. दाण्याच्या सालीतला चीक पाण्यात उतरतो, केसावर त्याचा पातळ पापुद्रा बसतो आणि ओलावा धरून ठेवतो. घाण्यावरचे जवसाचे तेल केसांना चालत नसे, हा चीक मात्र चालतो, कारण दोन्ही वेगवेगळे पदार्थ आहेत. दोन चमचे जवस, दोन कप पाणी, मंद आचेवर सात-आठ मिनिटे, तार सुटायला लागली की गरम असतानाच पातळ फडक्यातून पिळून घ्यायचे. थंड झाल्यावर ते फडक्यातून उतरत नाही. ओल्या केसांना बटेबटेने लावायचे आणि सावलीत वाळू द्यायचे. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकते. चटणीसाठी घरात जवस असतेच.